अत्तर लावणारा आणि हुंगणारा



आत येताना दारात तुमच्या हाताला अत्तर लावलं गेलं आणि अंगावर गुलाबपाण्याचे चार थेंब पडले. संयोजकांनी माझा विषय ऐकून ही व्यवस्था केली की दरवर्षीच करतात, हे मी विचारलेलं नाही. पण त्यांनी माझं काम जरा अवघड करून ठेवलंय. आता या सभागृहात सगळ्यांना एकच वास आहे, आणि मला बोलायचंय ते आपण एकमेकांच्या वासावरून एकमेकांबद्दल काय ठरवतो यावर.

या व्याख्यानमालेत संविधान, शेती, शिक्षण अशा विषयांच्या रांगेत हे अत्तर कुठून आलं, असं काहींना वाटलं असेल. साहजिक आहे. पण मुलाखतीची खोली, वधूवरांची पहिली भेट, भाड्याचं घर, वर्गातला बाक, अशा ठिकाणी माणसाचं बरंवाईट ठरतं. या सगळ्या ठिकाणी नाक हजर असतं, आणि त्याचं मत विचारात घेतलं असं कोणीही कबूल करत नाही. हजर असून कबूल न केलेल्या गोष्टीवर जाहीर व्याख्यान व्हायलाच हवं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांची पंचाईत व्हायला नको. अंगाला येणारा वास, मग तो अत्तराचा असो की घामाचा, ज्याच्या अंगाला येतो त्याच्याबद्दल फार थोडं सांगतो. जो हुंगतो त्याच्याबद्दल मात्र पुष्कळ सांगतो. आपण उलटं समजून चालतो. विज्ञान काय म्हणतं ते थोडक्यात, प्रयोगांचं थोडं सविस्तर, आणि समाजाचं सावकाश, असा माझा बेत आहे.

सुरुवात महाभारतापासून करू. आदिपर्वात यमुनेवर होडी चालवणारी एक कोळ्याची मुलगी आहे. माशाच्या पोटी जन्मलेली, अंगाला माशाचा वास, म्हणून मत्स्यगंधा. पराशर ऋषी तिच्या होडीत बसतात. ते तिच्यावर मोहित होतात आणि तिच्या सहवासाची मागणी करतात. त्या बदल्यात ती वर काय मागते? राज्य नाही, धन नाही. माझ्या अंगाला सुगंध येऊ दे, एवढंच. आणि ती योजनगंधा होते. चार कोसांवरून तिचा दरवळ यायला लागतो. मग एके दिवशी हस्तिनापूरचा राजा शंतनू त्या काठाने फिरत असतो. त्याला सुगंध येतो. तो त्या सुगंधाचा माग काढत निघतो आणि या मुलीपाशी येऊन थांबतो. ती राणी होते. तिच्या बापाच्या अटीसाठी शंतनूचा मुलगा देवव्रत भीष्म होतो, आणि कुरुकुळाची पुढची सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते.

आपल्यातल्या ज्येष्ठांनी वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' पाहिलं असेल. १९६४ चं नाटक. अभिषेकीबुवांच्या चालींनी ते घराघरांत पोचलं. पण नाटक बाजूला ठेवून मूळ कथेला एक प्रश्न विचारू. त्या मुलीत बदललं काय? वल्हं तेच होतं. काठ तोच, बाप तोच, बुद्धी तीच, रूपही तेच. राजा त्या काठावर आधी आला असता तर? नाकाला शेला लावून पुढे गेला असता. महाभारतकारांनी हे लिहिलं तेव्हा त्यांच्या मनात समाजशास्त्र नसेल, पण गोष्ट अचूक आहे. त्या मुलीला स्वतःला कळलेलं होतं की आपल्याकडे लोक काय म्हणून पाहतात, आणि तिने नेमकं तेच मागून घेतलं. तिची हुशारी मला शंतनूच्या प्रेमापेक्षा मोठी वाटते.

आता विज्ञान. पहिली गोष्ट: ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. होय, मे महिन्यात बसने प्रवास करणाऱ्यांना हे पटणार नाही, पण खरं आहे. सगळ्या अंगावर जो पाण्यासारखा घाम येतो तो शरीर थंड ठेवण्यासाठी. काखेत आणि जांघेत आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर कामाला लागतात आणि त्यांचा स्राव थोडा स्निग्ध असतो. कातडीवर वस्तीला असलेले जीवाणू तो स्राव खातात, आणि त्यातून जे रेणू तयार होतात त्यांना वास येतो. म्हणजे ज्या वासासाठी आपण माणसाला नावं ठेवतो तो जीवाणूंचा उद्योग असतो.

दुसरी गोष्ट नाकाची. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहकांच्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं, त्याबद्दल त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. डोळ्यांकडून आणि कानांकडून येणारी बातमी मेंदूत थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जाते. गंधाची बातमी तिथे न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचते. त्यामुळे होतं काय, की आवडलं किंवा नावडलं हे आधी ठरतं आणि वास कशाचा हे नंतर सुचतं. कधीकधी सुचतही नाही.

तिसरी गोष्ट अत्तरप्रेमींनी लक्षात ठेवावी. सततच्या वासाला नाक थोड्या वेळात सरावतं. स्वतःचं अत्तर स्वतःला येईनासं होतं. मग माणूस म्हणतो, उडून गेलं वाटतं, आणि आणखी दोन फवारे मारतो. लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर चार मजले चढणाऱ्याला काय वाटतं, ते त्याला कधीच कळत नाही. आपण कसे दिसतो हे आरसा सांगतो. आपल्याला वास कसा येतो हे सांगणारी वस्तू घरात नाही, आणि सांगणारा माणूस असलाच तर तो फक्त जवळच्या नात्यातला.

रेचेल हर्झ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००१ मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. एकच वास लोकांना हुंगायला दिला. एकदा सांगितलं, हे पार्मेसान चीज आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, ही वांती आहे. द्रव्य तेच! पण पहिल्यांदा लोकांना ते बरं वाटलं आणि दुसऱ्यांदा शिसारी आली. वास बदलला नव्हता, नाव बदललं होतं. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कनौजला चला. तिथे देग आणि भपका या जुन्या पद्धतीने अत्तर निघतं. तांब्याच्या देगेत फुलं किंवा मुळं उकळायची, बांबूच्या नळीतून वाफ चंदनाच्या तेलावर सोडायची. तिथे भाजलेल्या मातीचंही अत्तर काढतात. पहिल्या पावसाचा वास कुपीत. ते लावून आलेला माणूस शहरातल्या कवीला मोठा रसिक वाटेल. ज्याचं घर दरवर्षी पहिल्या पावसात गळतं, त्याला तोच वास आला तर? त्याला पत्रे आणि प्लॅस्टिकची ताडपत्री आठवेल.

आता प्रयोगांकडे येतो. सुगंध लावल्याने लोकांचं आपल्याबद्दलचं मत सुधारतं का? जाहिराती म्हणतात, हो. संशोधन म्हणतं, थांबा, कोणाचं मत, आणि कुठे?

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या रॉबर्ट बॅरन यांनी नोकरीच्या मुलाखतीचा बनाव रचला. काही अर्जदार सुगंध लावून आले, काही न लावता. अर्जदारांत बायका होत्या, पुरुषही होते. मुलाखत घेणारी बाई असली तर सुगंध लावलेल्याला जास्त गुण मिळाले. मुलाखत घेणारा पुरुष असला तर? कमी! पात्रतेत काही फरक नाही, सुगंधाने एकीकडे वर चढवलं आणि दुसरीकडे खाली ओढलं. बॅरन यांच्या मते पुरुषांना असल्या बाहेरच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणं जास्त जड गेलं. चाळीस वर्षं झाली त्याला, आणि एका प्रयोगावर जगाचा नियम बांधू नये हे खरंच. पण मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या हातात बाटली देणाऱ्या आईवडिलांना मी हा प्रयोग जरूर सांगतो.

दुसरा प्रयोग २००७ चा, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला. वेन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वास दिले, पण इतके हलके की बहुतेकांना कळूही नये. काही चांगले, काही वाईट. लगेच एक चेहरा दाखवला, साधा, ना हसरा ना रागीट, आणि विचारलं की हा माणूस किती आवडला. ज्यांना वास आल्याचं कळलंच नाही त्यांच्या पसंतीवर वासाचा परिणाम झाला. ज्यांना कळलं त्यांच्यावर झाला नाही. पुन्हा सांगतो. कळलं त्यांनी स्वतःला सावरलं, कळलं नाही ते वाहून गेले. आज मी जे काही बोलणार आहे त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. वास आपल्या मतावर बसलाय हे नुसतं ध्यानात आलं तरी त्याचं वजन कमी होतं.

तिसरा प्रयोग इंग्लंडमधला, लिव्हरपूलचा, २००९ सालचा, आणि तो माझा आवडता. क्रेग रॉबर्ट्स आणि मंडळींनी काही तरुणांना फवारे दिले. अर्ध्यांच्या फवाऱ्यात सुगंध आणि जंतुनाशक होतं. उरलेल्यांचा डबा हुबेहूब तसाच, आत ते दोन्ही नाही. काही दिवस वापरायला लावलं. मग त्यांचे फोटो काढले आणि छोट्या चित्रफिती घेतल्या, त्यात एखाद्या सुंदर मुलीला आपली ओळख करून द्यायची होती. हे सगळं काही तरुणींना दाखवलं. आवाज बंद. पडद्यातून वास तर येत नाही! फोटोंत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. चित्रफितींत मात्र सुगंधवाले तरुण मुलींना जास्त आकर्षक वाटले. का? सुगंध त्या मुलींच्या नाकापर्यंत पोचलाच नव्हता. तो पोचला होता लावणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यात. आपण बरे आहोत असं वाटल्यावर माणूस मान कशी धरतो, हात कसे हलवतो, नजर कुठे ठेवतो, ते बदललं. मुलींनी पाहिलं ते एवढंच.

म्हणजे अत्तराचं पहिलं गिऱ्हाईक अत्तर लावणारा स्वतः. इस्त्रीचा सदरा घातल्यावर आपण आपोआप ताठ बसतो, तसं. मग दोनशे रुपयांची बाटली आणि वीस हजारांची बाटली यांत लोकांच्या दृष्टीने फरक किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मात्र निवड करताना दुसऱ्याच्या सल्ल्याने जाऊ नये असं म्हणायला आधार आहे. प्रागमधल्या संशोधकांना २०१२ मध्ये असं आढळलं की माणसाच्या अंगाच्या वासात त्याने स्वतः निवडलेलं अत्तर मिसळलं, तर ते मिश्रण इतरांना त्याला नेमून दिलेल्या अत्तराच्या मिश्रणापेक्षा जास्त आवडतं. दोन्ही अत्तरं नुसती हुंगली तेव्हा कोणी डावंउजवं ठरवलं नव्हतं, तरीही. तेव्हा वाढदिवसाला अत्तर भेट देणाऱ्यांनी... असो, भेट देणाऱ्याचं मन पाहावं.

राहिली ती कामगंधाची बाटली. इंटरनेटवर विकतात ना, चार थेंब लावा आणि समोरचा वेडा होईल? माणसात असा एखादा रेणू आहे हे आजवर सिद्ध झालेलं नाही. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्लाउस वेडेकिंड यांनी पुरुषांनी वापरलेले टी-शर्ट बायकांना हुंगायला दिले, आणि आपल्यापेक्षा प्रतिकारशक्तीची जनुकं वेगळी असलेल्या पुरुषांचा वास गर्भनिरोधक गोळ्या न घेणाऱ्या बायकांना अधिक आवडला, असं निघालं. तो प्रयोग जगभर गाजला. नंतरच्या प्रयोगांनी कधी त्याला दुजोरा दिला, कधी नाही. बाटलीतल्या चार थेंबांना त्यातून काहीच आधार मिळत नाही.

इथवर विज्ञान. आता मला ज्यासाठी यायचं होतं त्याकडे येतो.

आपण सुगंधाच्या बाबतीत गरीब परंपरेतले लोक नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर अख्खा अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर किती प्रकार होतील, हेही त्याने मोजून दिलं: १८२०. गणिताच्या शिक्षकांनी पडताळून पाहावं, बरोबर आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लासा'त राजाने स्नान कसं करावं, उटी कोणत्या ऋतूत कोणती लावावी, तांबूल कसा असावा, हे बैजवार लिहिलं. पेशव्यांच्या दरबाराची सांगता विडा आणि अत्तर-गुलाब देऊन व्हायची. आपल्या घरांत दिवाळीच्या पहाटे वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद घातलेलं उटणं असतं. बाळाला ओव्या-वेखंडाची धुरी असते. कोकणात मार्च-एप्रिलमध्ये सुरंगीचे वळेसर विकायला येतात आणि वेंगुर्ल्याची एस.टी. त्या वासाने भरून जाते.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार देखणी वाटते. आपल्याकडे समारंभात सुगंध यजमान देत असे. पाहुण्याने कोणता आणला याची चौकशी नव्हती. अत्तरदाणी घेऊन एक मुलगा रांगेने फिरे आणि सावकाराच्या हाताला जे लागे तेच त्याच्या कारकुनाच्या हाताला लागे. तासभर का होईना, बैठकीला एकच वास.

पण थांबा. त्या बैठकीत बसायला कोण होतं? हा प्रश्न न विचारता परंपरेचे गोडवे गायले की व्याख्यान सोपं होतं आणि खोटंही होतं. हळदीकुंकवाला अत्तर-गुलाब होतं, आणि ज्या बाईचा नवरा गेला तिला त्या समारंभात जागा नव्हती. तिने गजरा माळायचा नाही, हा कायदा कोणी लिहिला नव्हता आणि सगळ्यांना पाठ होता. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा त्याची राज्यभर बातमी झाली. बातमी झाली, म्हणजे उरलेल्या गावांत काय चालू होतं ते समजून घ्या. आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांच्या हाताला अत्तरदाणीतली काडी टेकवायला कोण जाणार होतं?

मोगऱ्याचाच विचार करा. नवरीच्या वेणीत मोगरा असला की मंगल. तोच मोगरा तमाशातल्या बाईच्या अंबाड्यावर असला की लोकांच्या भुवया वर. तोच गजरा पुरुषाने मनगटाला गुंडाळला की स्वारी रंगेल. फूल एक, वास एक, आणि तीन माणसांबद्दल तीन निकाल. चीज आणि वांतीचा प्रयोग आठवला? आमच्या समाजाने तो प्रयोगशाळेशिवाय शेकडो वर्षं चालवला. बाटलीवरची चिठ्ठी बदलायची गरज नव्हती, माणसावरचीच बदलत होती.

मग बाजार आला. १९१९ मध्ये अमेरिकेत एका स्त्रियांच्या मासिकात घाम रोखणाऱ्या द्रव्याची जाहिरात छापून आली. ओडोरोनो त्या द्रव्याचं नाव, जेम्स वेब यंग जाहिरात लिहिणारा. त्याची युक्ती अशी: तुला वास येतो, तुला ते कळत नाही, आणि लोक पाठीमागे बोलतात, असं बाईला सुचवायचं. काही वाचकांनी चिडून मासिकाची वर्गणी बंद केली. द्रव्याचा खप मात्र वाढला. तोवर सुगंध ही मिरवायची गोष्ट होती, आता वास नसणं ही परीक्षा झाली, आणि परीक्षक अदृश्य. शंभर वर्षांत भाषा बदलली, भीती तीच विकली जाते. आपल्याकडच्या फवाऱ्यांच्या जाहिराती आठवा. मुलाने फवारा मारला की मुली धावत येतात! २०२२ मध्ये तर अशा एका फवाऱ्याची जाहिरात इतकी हीन होती की केंद्र सरकारला ती काढून टाकायला सांगावं लागलं.

या भीतीची ताकद किती? एक जनुक आहे, एबीसीसी-११ नावाचं. त्याचा एक प्रकार ज्यांच्यात आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंनी येतो त्यांच्या काखेला जवळजवळ वासच येत नाही. कोरिया आणि पूर्व आशियातल्या बहुसंख्य लोकांत तो आहे, युरोपात विरळा. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या हजारो स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांत शंभरात दोघी अशा होत्या. या बिनवासाच्या स्त्रियांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त जणी तरीही डिओडरंट वापरत होत्या. नसलेल्या वासावर रोज खर्च!

हसण्यावारी नेण्यासारखं आहे, तोवर हसू. पुढचं हसण्यासारखं नाही.

१९३७ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांनी इंग्लंडमधल्या खाणकामगारांवर पुस्तक लिहिलं, 'द रोड टू विगन पिअर'. त्यात ते स्वतःच्या वर्गाबद्दल कठोरपणे सांगतात की कष्टकऱ्यांना वास येतो हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं, आणि मतं बदलता येतात, पण अंगात भिनलेली किळस ओलांडणं त्याहून अवघड. २०१९ चा कोरियन चित्रपट 'पॅरासाइट' तुमच्यातल्या तरुणांनी पाहिला असेल. एक गरीब कुटुंब श्रीमंतांच्या घरात नोकरीला लागतं. कपडे बदलतात, बोलणं बदलतं, खोट्या पदव्या दाखवतात, आणि सगळं खपून जातं. पकडतो कोण? घरातला लहान मुलगा. म्हणतो, या सगळ्यांना एकसारखाच वास येतो. साबण बदलून उपयोग नाही, कारण तो वास तळघरातल्या खोलीचा आहे. आणि शेवटी खून होतो तो एका माणसाने नाक दाबलं म्हणून. आता कोरियातल्या बहुसंख्य लोकांच्या काखेला वास येत नाही, हे मी नुकतंच सांगितलं. तरीही तिथल्या दिग्दर्शकाला गरिबीची खूण म्हणून वासच सापडला. यावरून तो वास शरीराचा कमी आणि घराचा जास्त आहे, हे ओळखा.

आपल्याकडे वास कशाचा असतो? पाण्याचा. म्हणजे पाणी नसल्याचा. शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. जलजीवन मिशनमध्ये गावाकडच्या माणसासाठी ५५ लिटर धरलंय. टँकरच्या गावात तेवढंही पोचत नाही. मराठवाड्यातून पुण्यात शिकायला आलेला मुलगा, सहा जणांत एक न्हाणीघर, दोन सदरे. त्याच्या शेजारच्या बाकावरची मुलं सरकून बसतात. कोणी काही बोलत नाही. त्याला कळतं. तो उद्यापासून मागच्या बाकावर बसतो, प्रश्न विचारणं बंद करतो, आणि प्राध्यापक नोंद करतात की मुलगा बुजरा आहे. लिव्हरपूलच्या तरुणांचं काय झालं ते आत्ताच ऐकलंत. सुगंधाने मान वर होते, तर सरकलेल्या बाकाने ती खाली जाते. त्याला वेगळ्या प्रयोगाची गरज नाही.

मुंबईत कोळणी टोपली घेऊन लोकलच्या मालडब्यातून जातात. पहाटे भाऊच्या धक्क्यावर उभं राहून, भाव करून, घासाघीस करून आलेली बाई. संध्याकाळी जे लोक तिच्या टोपलीतला पापलेट हातात घेऊन कल्ले तपासतात, तेच सकाळी तिच्यापासून दोन हात लांब उभे असतात. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराबद्दल तर काय बोलावं! हाताने मैला उचलायला लावणं कायद्याने बंद आहे, आधी १९९३ चा कायदा आणि मग २०१३ चा. माणसं अजून उतरतात, आणि मरतातही. वास सोसवत नाही म्हणून दारू पिऊन उतरतात, आणि वर आल्यावर आपण म्हणतो, दारूचा वास येतो.

आणि भाड्याची घरं. मांसाहारी भाडेकरू नको, ही अट मुंबई-पुण्यात उघड सांगितली जाते. विचारलं तर उत्तर येतं: "आमचा विरोध माणसाला नाही हो, वास सहन होत नाही." वास हे कारण किती सोयीचं आहे पाहा. त्यात जात काढावी लागत नाही, धर्म काढावा लागत नाही. नाकाने ठरवलं म्हटलं की वाद संपला. गंमत म्हणजे हीच मंडळी लंडनला किंवा न्यू जर्सीला मुलाकडे जातात तेव्हा फोडणी देण्याआधी बेडरूमची दारं बंद करतात आणि कोट कपाटात टाकतात. हिंगाचा वास कोटाला लागला तर ऑफिसात मुलाबद्दल काय वाटेल, ही काळजी. ती काळजी खरी आहे, मी तिची थट्टा करत नाही. माझं म्हणणं एवढंच की जी गोष्ट आपल्याला न्यू जर्सीत अन्याय वाटते ती दादरमध्येही अन्यायच असते.

कोणी म्हणेल, मग काय दुर्गंध सहन करायचा? अजिबात नाही. आंघोळ करावी, कपडे धुवावेत, अत्तर आवडत असेल तर लावावं. मी स्वतः लावतो, हिना, थंडीत. हाताच्या अंतरावर येईल एवढंच लावावं. दवाखान्यात, परीक्षेच्या हॉलमध्ये, दम्याचा रुग्ण असलेल्या घरी जाताना तेही नको. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये अनेक रुग्णालयं आणि कार्यालयं सुगंध न लावता या असंच सांगतात, आणि लोक ऐकतात. हा शिष्टाचाराचा भाग झाला, त्यावर व्याख्यान लागत नाही.

बोलायचं आहे ते निवाडा करणाऱ्यांशी. या सभागृहात मुलाखती घेणारे आहेत. तुम्ही उमेदवाराचे गुण तो खोलीत येण्याआधी त्याच्या कागदांवरून एकदा मांडून ठेवा, आणि तो गेल्यावर आकडा बदलला तर कशामुळे बदलला ते स्वतःला विचारा. शिक्षक आहेत. मागच्या बाकावर गेलेल्या मुलाला बोलावून घ्या, आणि वसतिगृहात पाणी किती वाजता येतं एवढं विचारा. आणि सोसायट्यांच्या समित्यांवरची मंडळी तर बरीच दिसतात. तुम्हाला माझी एक विनंती आहे. पुढच्या सभेत एक साधा ठराव आणा: भाडेकरूला नकार द्यायचा असेल तर कारण लिहून, खाली सही करून द्यायचं. मग 'वास' असं लिहून त्याखाली सही करायला किती जण पुढे येतात, ते मला पत्राने कळवा.